बारा तारखेचा अंगठा

प्रज्वलनं आधार क्रमांक पुन्हा टाकला, मॉनिटरकडे पाहिलं आणि डोकं खाजवलं.

"काकू, हे तं चालू दाखवून राह्यलं."

छाया खुर्चीच्या काठावर बसली होती. सकाळपासून तिनं तीनदा पिशवी उघडून कागद पाहिले होते. पोलिसांतली हरवल्याची तक्रार, सातबारा, वकिलाची चिठ्ठी. तिचा नवरा रंगराव सात वर्षांपूर्वी कामाला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला, की तो मेला असं कोर्टात धरता येतं, वकील म्हणाला होता. मग शेत तिच्या नावावर होणार होतं, मिरचीला ठिबकचं अनुदान मिळणार होतं. एकच कागद कमी होता. केवायसी न केल्यामुळं रंगरावचा सरकारी हप्ता बंद पडलाय, असा. तो घ्यायला ती सासऱ्यांबरोबर संग्रामपूरच्या या सेवा केंद्रात आली होती.

"चालू म्हंजे?"

"केवायसी झाली हाय. ह्याच महिन्यात, बारा तारखेले. अंगठा लावून."

"कोनाचा अंगठा?"

"ज्याचं आधार, त्याचाच लागते काकू. दुसऱ्याचा मशीन घेत नाही."

छाया उठली. पुन्हा बसली.

"कुठी लावला?"

"ते नाही दिसत. तारीख तेवढी दिसते."

सात वर्षांत एक फोन नाही. पोरीचं लग्न झालं, सासू गेली, तेव्हाही नाही. हप्ता अडकलाय हे मात्र त्याला बरोबर कळलं. कुठल्यातरी गावात, अशाच एखाद्या दुकानात तो रांगेत उभा राहिला असेल. अंगठा सदऱ्याला पुसला असेल आणि काचेवर टेकवला असेल. तिला संताप यायला हवा होता; तो आलाही. पण त्याच्या आधी तिच्या मनात आलं, की सदरा धुतलेला असेल का.

प्रज्वलनं मागं कोणी नाही हे पाहून आवाज खाली आणला. "काकू, हा कागद काढला तं कोर्टातलं काम बुडते तुमचं. नाही काढला तं मी काही कोनाले सांगत नाही."

छायानं दारातून बाहेर पाहिलं. बाकावर सासरे उकंडराव टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. गेल्या पितरपाटात त्यांनी पहिल्यांदाच पोराच्या नावानं पान वाढलं होतं. त्या दिवशी ते स्वतः जेवले नव्हते.

तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले.

"काढ," ती म्हणाली.

कागद गरम होता. तो घेऊन ती बाहेर आली आणि सासऱ्यांच्या शेजारी न बसता तशीच उभी राहिली.

"भेटला?" उकंडरावांनी विचारलं.

"भेटला. पन मामाजी, आपल्याले पाह्यजे होता तो नाही. त्यायनं अंगठा लावला. बारा तारखेले."

उकंडरावांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद हातात घेतला, एका बाजूनं पाहिला, उलटून कोऱ्या बाजूनंही पाहिला. गावाकडची एसटी समोर येऊन थांबली. कंडक्टरनं दोनदा हाळी दिली. दोघंही हलले नाहीत. गाडी गेली.

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "आता याच्या पुढचा हप्ता कवा हाय? तो काढाले बी लावन ना तो अंगठा?"

"चार महिन्यानं."

उकंडराव बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागले. कार्तिक झाला, मार्गेसर झाला. तिसऱ्या पेरावर ते अडले.

"पूस," छाया म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली.