कानामागची पट्टी

टेबलावर नियमाप्रमाणे सत्यदीप ठेवला होता. बोलणारा खोटं बोलला की तो लाल होई.

"तुमच्या आई गेल्या, याचं वाईट वाटतं. पण माझ्या हातून चूक झालेली नाही," सर्जन बेलसरे म्हणाले.

दिवा हिरवाच राहिला. शर्वाणीला मात्र त्यांच्या कानामागे ताजी चिकटपट्टी दिसली. आठवणी पुसताना सुई तिथेच टोचतात.

"आईने विणलेला मफलर वापरता ना?"

"कोणता मफलर?"

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दिलेला. 'थिएटरात गारठशील रे लेकरा,' म्हणाली. तुम्ही लगेच गळ्यात घातलात."

बेलसऱ्यांनी तिच्याकडे कळवळून पाहिलं.

"ताई, तुमचा गैरसमज होतोय. तुमच्या आईंना मी कधी पाहिलेलंच नाही."

दिवा हिरवाच होता.