ओलांडणाऱ्यांचा रकाना

सिग्नल बसला तर आपल्या पदरात काय पडेल, हे रेन्स्केने केव्हाच मोजून ठेवलं होतं. अकरा वर्षांची मिन्के सायकलने एकटी शाळेत जाईल. तिला गाडीने सोडायचा फेरा वाचेल. फेरा वाचला की वृद्धाश्रमातली सकाळची पाळी घेता येईल, आणि सकाळची पाळी घेणारीलाच तिथे कायम करतात. जानेवारीपर्यंत जागा धरून ठेवते, असं तिथल्या मुख्य बाईंनी कबूल केलं होतं.

शाळा समोरच दिसत होती. मध्ये फक्त महामार्ग होता, हेगच्या केंद्र सरकारचा, आणि त्यावरून एकामागून एक धावणारे बीटचे ट्रक. गाडीने जायचं तर पाच किलोमीटरवरच्या चौकातून वळून तेवढंच परत यायचं.

सरकारची अट साधी होती. साडेसात ते नऊ या वेळात शंभर सायकली रस्ता ओलांडताना दिसल्या, तर सिग्नलचा अर्धा खर्च सरकारचा. रेन्स्केने आठवडाभर घरोघरी जाऊन सांगितलं होतं, आणि गाव आला होता. आईबाप, पोरं, पुढच्या खोक्यात दोन-दोन लहानगी बसवलेल्या सायकली. एकशे बेचाळीस. तिने दोनदा मोजल्या. सगळ्या रस्त्याच्या अलीकडे, शिस्तीत, एकामागे एक.

हेगच्या मंत्रालयातले रोएस साहेब घडीच्या खुर्चीवर बसले होते. पहाटेच्या आगगाडीने पलीकडच्या स्टेशनवर उतरले होते, रस्ता मोकळा असतानाच आपली घडीची सायकल घेऊन अलीकडे आले होते. मांडीवर तक्ता.

सव्वाआठपर्यंत थोरल्या शाळेची सात पोरं ट्रकांच्या फटीतून पलीकडे पळाली. साहेबांनी सात रेघा ओढल्या. बाकीच्यांसाठी तेवढी फट पडेचना.

"साहेब, हे उभे आहेत ते मोजा की," रेन्स्के म्हणाली.

"मी ओलांडणाऱ्यांना मोजतो, मॅडम. थांबलेल्यांना रकाना नाही."

"पण ओलांडता येत नाही म्हणूनच सिग्नल हवाय ना!"

"ते अगदी पटतं मला. मी स्वतः रोज सायकलने जातो." साहेब खरंच कळवळून बोलत होते. "पण आकड्यांत दिसायला हवं."

शाळेच्या दारात वापरतात ती 'थांबा'ची गोल पाटी रेन्स्केने बरोबर आणली होती. ती पाटी उंच धरून तिने एक पाऊल पुढे टाकलं.

"अगं, मागे ये!" नगरपालिकेत रस्त्यांचं खातं सांभाळणाऱ्या योरिटने तिचा दंड धरला. दोघं एकाच वर्गात शिकलेली. "ती पाटी आपल्या रस्त्यावर चालते. पांढऱ्या रेघेपलीकडे परवानगी हेगची लागते."

"मग साहेबांकडून घे! ते काय बिस्किटं खायला आलेत?"

"मी फक्त मोजणीला आलोय," साहेब घाईने म्हणाले. "आणि तसं पाहिलं तर सायकल हा विषय नगरपालिकेचाच. सरकार प्रोत्साहन देतं."

"द्या ना मग. तिकडे, रस्त्याच्या मधोमध उभे राहून द्या."

मागे कोणीतरी फसकन हसलं. योरिट मात्र हसला नाही. "सायकल आमची, रस्ता त्यांचा," तो पुटपुटला. "आठ वर्षं हेच एक पत्र इकडून तिकडे जातंय."

आठ वीसला पहिली सायकल वळली. शाळा पावणेनऊची. घरी जाऊन गाडी काढायची तर आणखी थांबून चालणार नव्हतं. मग दुसरी वळली, मग रांगच्या रांग. जाताना प्रत्येक जण रेन्स्केला "माफ कर हं" म्हणत होता. दहा मिनिटांत त्याच गावकऱ्यांच्या मोटारी त्याच कोपऱ्यावरून उजवीकडे वळून महामार्गाला लागल्या. तक्त्यावर मोटारींचाही रकाना होता. साहेब मान खाली घालून रेघा ओढत राहिले. माणूस प्रामाणिक होता, हीच तर पंचाईत होती.

"एवढ्या मोटारी आणि सायकली सात," त्यांनी हळूच सांगितलं. "यावरून असं दिसेल, की इथल्या लोकांना गाडीच बरी वाटते."

पावणेनऊपर्यंत रेन्स्के मिन्केचा हात धरून तिथेच उभी राहिली. मग दोघी घरी गेल्या आणि गाडी घेऊन आल्या.

कोपऱ्यावर साहेब हात करत होते. तक्ता बंद करून, सायकलची घडी उलगडून ते रस्त्याच्या कडेला उभे होते; दोनदा पुढे गेले होते, दोनदा मागे आले होते.

"मॅडम, स्टेशनपर्यंत सोडाल का? नऊ सातची गाडी आहे. मला काही पलीकडे जाता येईना."

तिने दार उघडलं. सायकल मागच्या सीटवर मिन्केच्या शेजारी कोंबली. गाडी उजवीकडे वळली, तसा साहेबांनी तक्ता पुन्हा उघडला, घड्याळ पाहिलं. नऊला अजून सहा मिनिटं होती.

"मोजायला हवी ना ही पण?" त्यांनी ओशाळून विचारलं.

"मोजा," रेन्स्के म्हणाली. "स्टेशनचा हा फेरा तर तुमच्यासाठीच आहे."

साहेबांना नऊ सातची गाडी मिळाली. मिन्के शाळेत पोहोचली तेव्हा पहिला तास संपत आला होता. दाराशी उशिरा येणाऱ्यांची वही असते. नाव, वर्ग, वेळ. कारणाच्या चौकटीपाशी ती जरा थबकली, मग नीट अक्षरात लिहिलं: 'सरकारी मोजणी'.