काठावर पास

“करा नापास, खुशाल करा,” अर्जुनराव म्हणाले, “अन् मंग अमरावतीच्या मैदानावर चढाईले तुम्हीच जा, धोतर खोचून!”

नारायणरावांना हसू आलं नाही. बुलढाण्याच्या त्या नव्या कॉलेजात ते गणित शिकवत, आणि अर्जुनराव खेळाचे मास्तर. दोघांच्या मध्ये टेबलावर मोतीरामचा सहामाहीचा पेपर पडला होता. मोतीराम म्हणजे कबड्डीच्या संघाचा जीव. देऊळघाटचं शेतकऱ्याचं पोर, पण चढाईला निघालं की समोरच्यांची पाचावर धारण बसायची. आता कॉलेजचा नियम असा की सहामाहीत एका जरी विषयात गचकला तर संघात घ्यायचं नाही. आणि गणितात स्वारी साफ आडवी झाली होती.

“अहो, यात तपासू काय? प्रत्येक गणित सुरू केलंय आणि मधेच सोडून दिलंय. धड चूकसुद्धा केली नाही गड्यानं.”

“मंग जेवढं केलं तेवढ्याचे मार्क द्या ना! काऊन अडून राह्यले? कप आला तर कॉलेजचं नाव होते, पोराचं भलं होते.”

“आणि गणिताचं?”

“गणित काय पळून जाऊन राह्यलं का?”

नारायणरावांनी आजवर सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा फुकटचा मार्क दिला नव्हता. मेव्हणा त्यावरून अजून बोलत नव्हता. पण इथं गोष्ट एका मेव्हण्याची नव्हती. वाणी विचारायचा, न्हावी वस्तरा गालावर ठेवून विचारायचा, “सर, मोत्या जाते ना अमरावतीले?” शेवटी एका संध्याकाळी त्यांनी लाल पेन काढलं, अर्ध्या पायऱ्यांना पुरे मार्क दिले आणि पोराला काठावर आणून ठेवलं. इतकं सोपं असतं हे, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

निकाल लागला तेव्हा संघातल्या पोरांनी मोतीरामला खांद्यावर घेतलं. तो मात्र खाली मान घालून बसला होता, जशी काही त्याची वरात नाही, धिंड काढलीय. ‘चला, त्याला तरी लाज आहे,’ असं नारायणराव मनाशी म्हणाले.

रात्री ते ताटातली भाकरी नुसती चिवडत बसले. त्यांच्या पत्नी गीताबाई वैतागल्या.

“जगात पहिल्यांदाच पास झालंय का कोणी?”

“माझ्या हातून असं पहिल्यांदाच झालंय,” ते म्हणाले आणि ताटावरून उठले.

वर्गात तर फारच वाईट. पहिल्याच बाकावर शेषराव बसायचा, थोडक्या मार्कांनी राहिलेला. त्याला त्यांनी एक मार्क सोडला नव्हता. त्याच्याकडे बघायची आता त्यांची छाती होईना. मोतीरामची जागा रोजच रिकामी, कारण अर्जुनरावांचा सराव नेमका गणिताच्याच तासाला. एकदा शिकवता शिकवता त्यांनी पाहिलं तर पोरगा खिडकीबाहेर उभा, हाफपँटीत, गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला. नजरानजर होताच सटकला. मैदान सोडून हा इथं कुठले उकिरडे फुंकतोय, असं त्यांच्या मनात आलं. आला असेल एखाद्या गड्याला बोलवायला.

कप आला. मोटारस्टँडपासून हलगी वाजवत मिरवणूक निघाली, सारा गाव गुलालानं लाल झाला. नारायणराव घराबाहेर पडले नाहीत. चोरीच्या मालाची मिरवणूक कसली बघायची!

रविवारी सकाळी मोतीरामचा बाप पुंजाजी दारात उभा. धुवट धोतर, हातात शेगावचे पेढे, मागे मोतीराम.

“घ्या सर, तोंड गोड करा! पोलिसाच्या टीमवाल्या साहेबानं खेळ पाह्यला, अन् पोरगं भरती करून घेतलं. परवा चाललं नागपूरले.”

“आणि कॉलेज?”

“आता कशाले पाह्यजे कॉलेज? तुम्ही पास केलं म्हणून तं हा दिवस दिसला, माय बाप. नाही तं घरचे बैल होतेच हाकाले.”

नारायणरावांच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं. असू दे, पाप तर पाप. एका शेतकऱ्याच्या पोराच्या आयुष्याचं सोनं झालं ना! त्यांनी दोन पेढे खाल्ले आणि चहाचं सांगायला उत्साहानं आत गेले.

परत आले तेव्हा पुंजाजी ओट्यावर शेजाऱ्याला पोलिसाच्या नोकरीचं सांगत होता, आवाज पार रस्त्यापर्यंत. बैठकीत मोतीराम एकटाच, भिंतीवरच्या फळ्यापाशी. फळ्यावर नारायणरावांनी उद्याच्या, सोमवारच्या तासासाठी लिहून ठेवलेलं गणित होतं. आठवडाभर वर्गात कोणाला सुटलं नव्हतं. आता ते खालपर्यंत सोडवलेलं होतं. नारायणरावांनी एकेक ओळ वाचली. दुसऱ्यांदा वाचली. ते स्वतः शिकवणार होते त्याहून दोन पायऱ्यांनी कमी.

“हे तू केलंस?”

“हाव, सर.” मोतीरामनं खडूचे हात पँटीला पुसले.

“अरे, मग सहामाहीला काय झालं होतं तुला?”

मोतीरामनं ओट्याकडे एकवार पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“गणितात नापास झालं तं देऊळघाटात कोणी हासत नाही, सर. पण आपल्या मनानं मैदान सोडलं तं बापाले तोंड दाखवाले जागा राह्यत नाही. म्हणून म्हटलं, नापासच व्हावं. मंग तुमच्या तासाले बसाले भेटलं असतं.”