विश्रामचं पान

नऊ वर्षं परदेशातल्या तुरुंगात काढून विश्राम भर दुपारी घरी परतला. ओटीवर त्याच्याच फोटोला झेंडूचा हार होता.

वडिलांनी घर विश्रामच्या नावावर केलं होतं. धाकट्या सुहासनं भावाच्या मृत्यूचा दाखला मिळवून ते स्वतःच्या नावावर करून घेतलं होतं.

"सुहास, मी जिवंत आहे. घर माझं आहे."

जेवणाची पानं मांडणारा सुहास क्षणभर थिजला. मग विश्रामच्या आरपार बघत बायकोला म्हणाला, "दार लाव गं. ऊन आत येतंय."

तिनं दार लावलं. आत येऊन उभ्या विश्रामला तिचा पदर घासला, तरी तिनं वर पाहिलं नाही.

विश्राम आईच्या खोलीत धावला. आंधळ्या आईनं त्याचा चेहरा चाचपला आणि ती रडू लागली.

"आई, तू तरी सांग त्यांना."

"हळू बोल, बाळा. मला आता सुहासच्याच आधारानं जगायचंय," ती कुजबुजली. "परसात तुझ्या श्राद्धाचं पान ठेवलंय. कावळा अजून शिवला नाही. जेव आणि जा."

दोन दिवसांचा उपाशी विश्राम परसात पानासमोर बसला. त्यानं पहिला घास घेतला, तसा आतून सुहासचा आवाज आला, "कावळा शिवला एकदाचा. चला, बसा जेवायला."