ठोमरेसाहेबांचा कोट

काच फोडल्याबद्दल माळवदे मास्तरांना संग्रहालयातून बाहेर काढलं. छे, तसं काही झालंच नाही. मास्तर आपल्या पायांनी बाहेर आले. रखवालदार फक्त सोबतीला होता.

भरसभेत गोळ्या घालून मारलेल्या ठोमरेसाहेबांचा शेवटचा कोट तिथे काचेच्या पेटीत ठेवलाय. तो मास्तरांच्या हातचा, त्यांच्याच शिंपीकामाच्या दुकानात शिवलेला. इस्त्रीचा सदरा घालून, मुलीला सोबत घेऊन मास्तर मुद्दाम तो बघायला गेले होते. कोटाच्या छातीवर दोन भोकं होती आणि खाली पाटी होती, ‘फाटलेला कोट’.

“फाटलेला?” मास्तर म्हणाले. “कुंदे, शिवण बघ. साहेब व्यासपीठावरून कोसळले, शंभर हातांनी उचलून नेले, तरी एक टाका उसवला नाही.”

“अण्णा, हळू. लोक डोळे पुसतायत.”

“मीपण पुसतोय की. पुसून झाल्यावर म्हणावं खांदा बघा, कसा बसलाय.”

खांदा दाखवताना मास्तरांची काठी जरा पुढे गेली. काच म्हातारी असावी.

रखवालदाराने अभिप्रायाची वही पुढे केली. “काय म्हणायचंय ते यात लिहा आणि चला.”

मास्तरांनी ताठ मानेने लिहिलं: “आमचा कोट फाटत नाही, सबब पाटी बदलावी. दोन्ही छिद्रे आम्ही विनामूल्य रफू करून देऊ. मात्र गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून पाहिल्याशिवाय आमच्या दुकानातून कपडा जात नाही. तरी ठोमरेसाहेबांनी एकदा समक्ष येऊन जावे, ही नम्र विनंती.”