आईची जुनी टेप

बटण काजापर्यंत पोचेना. बँडमास्तरांनी पोट आत ओढलं, श्वास रोखला, डोळेही मिटून पाहिले. तरी बोटभर अंतर उरलंच. त्यांचा चेहरा आता कोटाइतकाच लाल झाला होता.

“ताई, चार दिवसांवर स्पर्धा आलीये,” श्वास सोडत ते म्हणाले. “माझ्याच कोटाची ही गत, तर बाकीच्या पंधरांचं काय होणार? संध्याकाळपर्यंत हा बसला तर ठीक. नाहीतर कापड समोरच्या दुकानात देतो. राग मानू नका.”

बावीस वर्षांत टेलरबाईंच्या हातचा कोट कुणाला आवळला नव्हता. बाईंनी डोळे मिटून कापलं तरी बसतं, असं लोक म्हणायचे. त्यांनी वही पुन्हा उघडली. पोट, ११८ सेंटीमीटर. गळ्यातली टेप काढून कोट मोजला. बँडच्या घट्ट कोटाला ठरलेल्या सेंटीमीटरभर ढिलाईसकट तो अगदी बरोबर भरला. मग त्या आपल्याच हातांकडे बघत बसल्या.

“हात गेला वाटतं माझा,” त्या हळूच म्हणाल्या.

दारात उभ्या असलेल्या लेकीनं ते ऐकलं. ही मुलगी कॉलेजात फिजिक्स शिकत होती, पहिल्याच वर्षाला, आणि नव्या नवलाईनं घरातलं दिसेल ते मोजत सुटली होती. खरं तर तिला अग्निशमन दलात जायचं होतं. लहानपणापासून तेवढं एकच वेड. पण तिथं उंची लागते एकशे सत्तावन्न. गेल्या वर्षी आईनं तिला याच दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं, तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा ती एकशे पंचावन्नच भरली. अर्ज तसाच राहिला. या वर्षी जाहिरात पुन्हा आली, तेव्हा तिनं स्वतःच तो पेपर आईपुढं टाकला. कॉलरचा नमुना कापायला आईला कागद लागतच होता. तो कॉलरच्या आकाराचा कागद खिळ्याला लटकत असे आणि ती तिकडं बघायचं टाळत असे.

आत्ता ती वहीकडे बघत होती. मापांवर तारीख होती शनिवारची.

रविवारी सकाळी तिनं आईची टेप स्टीलच्या पट्टीवर ठेवून तपासली होती. कापडी टेप, वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणलेली. “आई, बावीस वर्षं चुकीचं मोजतेयस तू,” असं ऐटीत सांगून तिनं ती कचऱ्यात टाकली आणि नवी कोरी टेप आईच्या गळ्यात घातली. शिकलेल्या लेकीपुढं आई काय बोलणार?

“आई, तुझा हात काही गेलेला नाही,” ती पुढं येऊन म्हणाली. “माती मी खाल्लीये. मापं तू घेतलीस जुन्या टेपनं आणि कापलंस नव्या टेपनं.”

दोन्ही कामं एकाच टेपनं होत होती, तोवर ती कितीही ताणलेली असली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि ती टेप तर कचऱ्याच्या गाडीतून केव्हाच गेली होती.

“मग सगळ्यांना परत मोजूया,” बाई म्हणाल्या.

“पोरं आपापल्या गावी गेलीत,” बँडमास्तर म्हणाले. “आता थेट स्पर्धेच्या दिवशी उगवतील.”

पण मुलगी तोवर आत पळाली होती. प्रॅक्टिकलची वही घेऊन ती धापा टाकत बाहेर आली. आईची टेप टाकताना तिनं एक काम मात्र शहाणपणाचं केलं होतं. फरक लिहून ठेवला होता.

“जुन्या टेपचे शंभर म्हणजे खरे एकशे दोन पॉइंट शून्य. ते शून्य उगाच नाही हं, मिलिमीटरपर्यंत बघितलंय मी. म्हणजे एकशे अठराचे होतात,” तिनं भराभर गुणाकार केला, “एकशे वीस पॉइंट तीन सहा.”

“पॉइंट तीन सहा आखू कशानं? माझ्या खडूची रेघच दोन मिलिमीटर जाड आहे.”

मुलगी थबकली आणि मग तिला हसू फुटलं. साधनाला जेवढं दिसतं तेवढेच आकडे लिहा, म्हणून सर दोन महिने घसा कोरडा करत होते. ते डोक्यात शिरलं ते आज, खडूच्या रेघेवरून.

“एकशे वीस,” ती म्हणाली.

“आता कशी माणसात आलीस.”

बाईंनी कोट उसवला. आत दाबून ठेवलेलं कापड सोडलं, नवी शिलाई मारली. मशीन धडधडत होतं आणि शेजारी मुलगी एकेक माप गुणत नवे आकडे लिहीत होती. बँडमास्तर बनियनवर बसून दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. तासाभरानं त्यांनी कोट चढवला. बटण काजात गेलं. त्यांनी गाल फुगवून नसलेला कर्णा जोरात फुंकला, तरी बटण हललं नाही.

“बाकीचे पंधरा कापा,” ते म्हणाले आणि शीळ घालत जिना उतरले.

मुलीला आनंद आवरेना. ती सोळा मापं मोठमोठ्यानं पुन्हा वाचत होती. बाईंनी कॉलर कापायला खिळ्यावरचा कागद काढला, आणि त्यांचा हात थांबला. कागदावर त्या जाहिरातीतली अर्जाची शेवटची तारीख कात्रीतून वाचली होती. तिला अजून सहा दिवस होते. त्यांनी एकदा तारखेकडे पाहिलं, एकदा दाराच्या चौकटीकडे.

“गेल्या वर्षी,” त्यांनी विचारलं, “तुझी उंची मी कुठल्या टेपनं मोजली होती गं?”