चष्म्याचा नंबर

दिवे मंदावले, त्यावरून तिसरी घंटा झाल्याचं यामिनीला कळलं. शेजारी बाबा नवा सदरा घालून ताठ बसले होते. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि आपल्या लेकीसारख्या मुलीवरचं नाटक बाबा पहिल्यांदाच बघणार होते.

ती भूमिका यामिनीने मागितली होती. दिग्दर्शकाने ती टीव्हीवर गाजलेल्या, ऐकू येणाऱ्या नटीला दिली आणि तिला खुणांची भाषा शिकवायला यामिनीला ठेवलं. तालमीत नटीचे हात चुकले की यामिनी उठून दुरुस्त करायची. शेवटी वैतागून दिग्दर्शकाने मोबाइलवर लिहून दाखवलं, "राहू दे गं आता. दिसतंय छान. प्रेक्षकांना कुठे कळतंय?"

शेवटच्या प्रवेशात नटी आईसमोर हातांनी भडाभडा बोलली. लोक डोळे पुसत होते. पडदा पडला तेव्हा अख्खं नाट्यगृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

बाबा मात्र बसूनच होते. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला. मग ओशाळून लेकीला खुणेने म्हणाले, "नंबर वाढलाय बहुतेक. ती काय बोलली, मला एक अक्षर कळलं नाही."